तिसऱ्या दिवसाची फेरी

"आज फेरी झाली नाही ना, तर मी शेंडीला बोळा बांधून डेपोला सात चकरा मारीन!" बसच्या पायरीवर उभी राहून बारकीने सगळ्या डेपोला ऐकू जाईल अशा आवाजात जाहीर केलं.

"चकरा नंतर मार. आधी बूट झटक," ड्रायव्हरच्या सीटवरून आई म्हणाली. "गाडी कालच पुसलीये."

गाडी पुसलीये! बाहेर तीन दिवस आभाळ फाटल्यासारखं कोसळून आत्ता कुठे दमलं होतं, डेपोच्या आवारात घोटाभर पाणी होतं, आणि आईला पडली होती फरशीवरच्या चिखलाची. पण आई होतीच तशी. एकतीस नंबरची बस ती नऊ वर्षं चालवत होती. सकाळी सहाला शेवटच्या गावातून निघायचं, शहरात यायचं, संध्याकाळी परत जाऊन तिथेच मुक्काम. मायलेकींचं घरही तिथेच. बारकी आणि गावातली आणखी अकरा पोरं याच बसने शाळेला यायची. चालत यायचं म्हटलं तर पहाटे निघालेलं माणूस मधल्या सुट्टीत पोचलं असतं, तेही पाय हातात घेऊन.

पाऊस सुरू झाला त्या दिवशी बाकीची पोरं आभाळाचा रंग बघून घरीच राहिली. बारकीची तोंडी परीक्षा होती, म्हणून ती तेवढी आली आणि आईबरोबर शहराच्या बाजूला अडकली. त्या दिवशी संध्याकाळी डेपोतून एकही गाडी हलली नाही. दुसऱ्या दिवशी एकतीस नंबर निम्म्यातून परत आली. दोघी दोन रात्री डेपोच्या विश्रांतीच्या खोलीत बाकांवर झोपल्या. आणि आज उजाडला तिसरा दिवस.

या तिसऱ्या दिवसाच्या नुसत्या नावाने कंडक्टरकाकांना घाम फुटला होता. कंडक्टरकाका म्हणजे देह पिंपाएवढा आणि काळीज चिमणीएवढं.

"ताई, सोडून देऊ या का?" ते आईला म्हणाले. "जीव महत्त्वाचा. मार्ग काय, आज आहे उद्या नाही."

"तेच तर होऊ द्यायचं नाहीये," आई म्हणाली.

नियम असा होता, की सलग तीन दिवस गाडी शेवटच्या थांब्याला पोचली नाही तर मार्ग 'तात्पुरता स्थगित'. पोचली असं कधी मानायचं? तर तिकीट काढलेला एक तरी प्रवासी संध्याकाळी सहाच्या आत शेवटच्या थांब्यावर उतरला पाहिजे आणि तपासनीसाने तसं वहीत लिहून सही केली पाहिजे. तपासनीस म्हणजे चष्मेवाले साहेब. ते पहिल्या बाकावर मांडीवर वही घेऊन बसले होते, छत्री तेवढी शेजारच्या सीटवर बसवली होती.

"प्रवासी कुठाय?" त्यांनी विचारलं.

"ही काय!" बारकीने स्वतःच्या छातीवर थाप मारली.

"तुम्ही ड्रायव्हरच्या कन्या. तुमचा पास आहे. पासवाले मोजत नाहीत."

बारकीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आख्ख्या डेपोत आज दुसरा कुणी त्या बाजूला जायला तयार नव्हता. तिने दप्तराच्या तळाशी हात घातला आणि जे काय हाताला लागलं ते कंडक्टरकाकांच्या तळहातावर ओतलं. त्यांनी त्यातून दोन खोडरबर आणि एक पेन्सिलीचं टोक परत दिलं, उरलेली नाणी पिशवीत टाकली आणि टर्रकन तिकीट फाडलं.

"शेवटचा थांबा, एक," ते म्हणाले. त्यांचा आवाज किंचित कापला, पण तिकीट सरळ फाटलं होतं.

"आता लक्षात ठेवा," साहेब म्हणाले. "मध्ये कुठेही उतरलात की प्रवास तिथेच संपला. मग फेरी अर्धवट."

"मी? मी खिळ्यासारखी बसणार आहे!" बारकी म्हणाली आणि सगळ्यांत पुढच्या खिडकीशी जाऊन बसली. आयुष्यात ती कधी सलग दहा मिनिटं एका जागी बसली नव्हती, हे आठवून आईने आरशातून तिच्याकडे एकदा पाहिलं.

बस निघाली तेव्हा अकरा वाजले होते.

बाजारपेठेत सगळ्या भिंतींना छातीच्या उंचीवर एकच तपकिरी रेघ होती, कुणीतरी पट्टी लावून ओढल्यासारखी. त्या रेघेच्या खाली सगळं जग भिजलेलं आणि वर सगळं कोरडं, आपल्याच तोऱ्यात. एका दुकानात वरच्या फळीवरच्या बाहुल्या गोऱ्यापान हसत होत्या आणि खालच्या फळीवरच्या चिखलाने माखून. चपलांच्या दुकानाचा मालक कठड्यावर ओळीने बूट वाळत घालत होता. नीट पाहिलं तर सगळे डाव्या पायाचे.

"उजवे कुठे गेले?" बारकी खिडकीतून ओरडली.

"पोहायला!" तो ओरडला. "तुम्ही कुठे?"

"शेवटच्या थांब्याला!"

"वेड्या आहात!" तो म्हणाला आणि हातातल्या बुटाने सलाम ठोकला.

शहर संपलं आणि पहिलं पाणी आलं. रेल्वेपुलाखालचा रस्ता दिसेनासा झाला होता. आईने गाडी थांबवली, सीटमागून एक लांब काठी काढली आणि पँट गुडघ्यापर्यंत दुमडली. त्या काठीवर एक लाल पट्टी होती. आईने ती स्वतः रंगवली होती, चाकाच्या मध्याच्या उंचीवर. पाणी लाल पट्टीच्या खाली असेल तर गाडी पुढे, वर असेल तर मागे. यात आईची घासाघीस चालत नसे.

आई काठी टेकवत टेकवत पुलाखालून पार गेली आणि परत आली. बारकीला खिडकीतून उडी मारावीशी वाटत होती. आईच्या पुढे चालावं, आपणच खोली मोजावी, आपणच ओरडून सांगावं "या, या, या!" पण बूड सीटला चिकटवून बसायचं होतं. तिने सीटच्या कडा दोन्ही हातांनी आवळून धरल्या.

"पट्टीच्या चार बोटं खाली," आई वर चढत म्हणाली. "बसा घट्ट."

बस पाण्यात शिरली. दोन्ही बाजूंना पाण्याचे पंख उघडले. कंडक्टरकाकांनी डोळे मिटून शिट्टी दातांत धरली होती आणि ती त्यांच्या श्वासाबरोबर आपोआप वाजत होती, पी... पी... पी... पलीकडे पोचल्यावरही त्यांना कुणीतरी सांगावं लागलं, की आता डोळे उघडले तरी चालतील.

नदीकाठच्या रस्त्यावर मात्र काठी पट्टीच्या वर हातभर बुडाली. साहेबांनी घड्याळ पाहिलं आणि पेनाचं टोपण काढलं.

"टोपण लावा," आई म्हणाली. "वीटभट्ट्यांवरून जाते."

"तो मार्ग चालू नाही."

"मार्ग चालू नाही. रस्ता आहे ना?"

वीटभट्ट्यांचा रस्ता कसला, दोन चाकोऱ्या आणि मध्ये गवत. पण उंचावर होता. दीड तास गाडी बैलासारखी डुलत डुलत गेली आणि एका वस्तीत शिरली. वस्तीच्या तोंडाशी बसथांब्याची एक निवाऱ्याची टपरी होती, डेपोच्या पाट्यांसारख्याच निळ्या रंगाची. आत बाक होता. बाकावर दोन शेळ्या बसल्या होत्या आणि उरलेल्या जागेत जळणाची लाकडं रचली होती.

इंजिनाचा आवाज ऐकून घराघरांतून माणसं बाहेर आली. एक बाई तर पिठाचे हात तसेच घेऊन पळत आली.

"परत सुरू झाली का हो? बस सुरू झाली?"

आईच म्हणाली, "नाही बाई. वाट वाकडी करून आलोय."

त्या बाईने पहिल्या बाकावर पाहिलं. "अगंबाई, हे तर तेच साहेब. बंद केली त्या दिवशी हेच आले होते."

"मी फक्त लिहितो," साहेब वहीकडे बघत म्हणाले. "ठरवणारे वर बसतात."

बारकी मात्र दुसरीकडेच बघत होती. विटांच्या ढिगाशी एक मुलगी उभी होती. दोन्ही हात कोपरापर्यंत मातीत. पाचवीत ती बारकीच्या बाकावर बसायची. पाढे बारकीपेक्षा पटापट म्हणायची, आणि बारकीला आजही त्याचा राग होता.

"काय गं!" बारकी खिडकीतून अर्धी बाहेर आली.

"काय गं!" ती जवळ आली. "अजून जातेस शाळेत?"

"जाते की. तू?"

"आमची बस तात्पुरती बंद आहे ना," ती म्हणाली आणि हसली. "चार वर्षं झाली." मग तिने बारकीच्या दप्तराकडे पाहिलं. "मजा आहे तुझी."

टोमणा असता तर बारकीने तिथल्या तिथे परतवला असता. टोमण्यांना ती भीत नव्हती. पण तो टोमणा नव्हताच. ती खरंच म्हणाली होती. बारकी एकदम मुकी झाली, आणि हे इतकं नवीन होतं की कंडक्टरकाकांनी वळून पाहिलं, पोरगी पडली की काय म्हणून.

वस्तीच्या टोकाला गाडीचं मागचं चाक चाकोरीत रुतलं. आईने पुढेमागे करून पाहिलं. चिखल उडाला, गाडी जागची हलली नाही. साहेबांनी पुन्हा टोपण काढलं. तेवढ्यात ती पिठाच्या हातांची बाई ओरडली, "तुकडे आणा गं तुकडे!" आणि बघता बघता बायापोरी टोपल्याच्या टोपल्या फुटक्या विटा घेऊन आल्या. बारकीची जुनी मैत्रीण पोटावर आडवी पडून चाकाखाली तुकडे ठोकत होती.

"तुमची बस तरी चालू दे," ती खालून ओरडली. "दाब गं ताई अॅक्सलेटर!"

गाडी गुरगुरली, थरथरली आणि वर आली. वस्तीने अशी आरोळी ठोकली, जणू त्यांचीच बस सुटली होती.

पावणेचारला शेवटचा चढ चढून गाडी माथ्यावर आली आणि समोर गाव दिसलं. कौलं, पाण्याची टाकी, चौथीपर्यंतची शाळा, शिंपीणकाकूंच्या दुकानाचा पिवळा पत्रा, आणि त्याच्या शेजारी थांब्याचा खांब. सगळं जिथल्या तिथे. फक्त गाव आणि गाडी यांच्यामध्ये, जिथे रोज छोटासा ओढा आणि त्यावरची फरशी असायची, तिथे दोनशे पावलं रुंद मातकट पाणी पसरलं होतं आणि ते हलत होतं.

आई काठी घेऊन उतरली. दहा पावलांत पाणी काठीच्या लाल पट्टीच्या वर गेलं. बाराव्या पावलाला आई थांबली. परत आली, सीटवर बसली आणि तिने किल्ली फिरवून इंजिन बंद केलं.

इंजिन बंद झाल्यावर पाण्याचा आवाज आला.

"झालं तर मग," साहेब म्हणाले. "लिहू?"

"आई!" बारकी म्हणाली. "थोडंच तर आहे! समोर दिसतंय!"

"दिसतंय," आई म्हणाली.

"मग घाला ना गाडी," साहेब म्हणाले. सकाळपासून डुलून डुलून त्यांचंही अंग आंबलं होतं आणि जीभ सैल झाली होती. "एवढ्या हिमतीच्या गोष्टी चालल्यात सकाळपासून. दाखवा."

आईने मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. "पाण्याशी मी नडत नाही, साहेब. त्याला लाजबीज काही नसते. नडायचं तर माणसाशी."

"मग आलोच कशाला आपण?" बारकीचा आवाज फाटला. "एवढ्या विटा घातल्या त्यांनी! एवढं सगळं केलं, आणि शेवटी तू घाबरलीसच ना!"

कंडक्टरकाकांनी "बारके..." म्हणून हात उचलला. आई फडकं घेऊन स्टिअरिंग पुसायला लागली. पुसलेलंच पुन्हा पुसत होती. तिचा हात किती जड चाललाय हे बारकीला दिसलं, आणि आपण बोलून गेलो ते परत गिळता आलं असतं तर बरं झालं असतं असं तिला वाटलं. पण राग काही कमी होईना. रागाला कुठेतरी जायचं होतं. आईवर नको, तर मग साहेबांवर.

"कुठं लिहिलंय हे सगळं?" तिने विचारलं. "तीन दिवस, आणि प्रवासी, आणि सही, आणि उतरायचं नाही? दाखवा मला."

"नियमावलीत."

"दाखवा!"

साहेबांनी बॅगेतून प्लॅस्टिकचं कव्हर घातलेलं जाडजूड पुस्तक काढलं आणि तिच्या हातात दिलं. "वाचा. तेवढाच गाडीत शांतपणा."

बारकी वाचायला लागली. असलं रटाळ पुस्तक तिने जन्मात वाचलं नव्हतं. पानंच्या पानं गणवेशाच्या बटणांवर. पानंच्या पानं गाडीत कोंबडी नेण्यावर. कंडक्टरकाका खिडकीतून गावाकडे बघत शिट्टी वाजवत राहिले. पलीकडून कुणीतरी हात हलवला आणि थोड्या वेळाने एक सपाट नाव पाण्यात उतरली. वल्हं मारणारा गावचा मासेवाला होता. नावेत पुढे शिंपीणकाकू बसल्या होत्या, आणि मध्ये बारकीची चुलत बहीण. ठेंगणी, वाटोळी, म्हणून सगळे तिला गोटी म्हणायचे. नाव ओढा सोडून बरीच वरून निघाली आणि प्रवाहाबरोबर तिरकी येत बरोब्बर बसच्या पुढ्यात लागली.

"अगं चला!" शिंपीणकाकू ओरडल्या. "दोन दिवस तुमच्या काळजीने आमच्या तोंडाला कोरड पडली. घरी चला."

"मी नाही उतरू शकत!" बारकी खिडकीतून ओरडली, पुस्तकात बोट घालून. "मी उतरले की मार्ग बंद!"

"हिला ताप आलाय का?" काकूंनी आईला विचारलं.

आईने काकूंना सगळं सांगितलं. सांगून होईपर्यंत गोटीचं तोंड उघडंच होतं.

"म्हणजे शाळा बंद?" ती म्हणाली. "कायमची?"

आणि त्याच वेळी बसमधून अशी किंकाळी आली, की कंडक्टरकाकांच्या हातातून शिट्टी पडली.

"हे बघा! हे बघा! पान एकशे बारा!" बारकी सीटवर उभी होती. "'रस्त्याचे खोदकाम, पडझड वा अन्य अडथळा असल्यास, थांब्याचा खांब चालकाने आपल्या देखरेखीखाली अडथळ्याच्या अलीकडे सुरक्षित जागी उभा करावा. खांब उभा असेल ते ठिकाण थांबा समजावे.' साहेब! खांब असेल तो थांबा!"

"ते खोदकामासाठी आहे," साहेब म्हणाले.

"'वा अन्य अडथळा'! हे पुढ्यातलं पाणी अडथळा नाही, तर काय शोभेचं तळं आहे?"

साहेबांनी पुस्तक घेतलं, चष्मा कपाळावर चढवला, वाचलं, चष्मा खाली घेतला, पुन्हा वाचलं. वीस वर्षं नोकरी झाली होती त्यांची, आणि डेपोतल्या सगळ्यांसारखा तीन दिवसांचा नियम त्यांना तोंडपाठ होता. एकशे बारावं पान कुणी उघडलंच नव्हतं. पानं एकमेकांना चिकटलेली होती, बारकीने ती नखाने सोडवली होती.

आईने फडकं खाली ठेवलं. "किती वाजले?"

"चार वीस," कंडक्टरकाका म्हणाले.

आईने बारकीकडे पाहिलं. तिचे कान लाल झाले होते. आई खूश झाली की तिचे कान लाल व्हायचे, आणि हे फक्त बारकीला माहीत होतं. मग आई नावेत चढली. "चालकाच्या देखरेखीखाली म्हटलंय ना," ती म्हणाली. "चला, देखरेख करते."

"मीपण!" बारकी म्हणाली, आणि आई, काकू, कंडक्टरकाका आणि साहेब एकदमच ओरडले, "तू बस!"

म्हणून जे काय झालं ते बारकीने खिडकीतून पाहिलं. पलीकडे नाव लागली. काकू गावात हाका मारत गेल्या. पाचदहा माणसं आली, मग वीस, मग कोण घरात उरलं असेल असं वाटेना. खांबाला कुणाकुणाचे कपडे वाळत होते. ते आधी काढले, तेही कोण कुणाचं यावर थोडं भांडून. मग कुदळी आल्या. आई कमरेवर हात ठेवून उभी होती. अधूनमधून हात उचलून दाखवत होती, इकडे, अजून इकडे.

"निघत नाही," बारकी नखं खात म्हणाली. "सिमेंट आहे खाली."

"निघेल," कंडक्टरकाका म्हणाले. आज पहिल्यांदाच त्यांनी असं काही म्हटलं होतं.

पाच वाजले. खांब हलत्या दातासारखा डुलायला लागला. पाच दहाला तो एकदम निघाला, खाली सिमेंटचा भलामोठा गोळा घेऊन, आणि ओढणारे सगळे एकमेकांच्या अंगावर चिखलात बसले. त्यांचं हसणं पाण्यावरून इकडेपर्यंत आलं. नावेत खांब ठेवला तर नाव एका बाजूला कलली. तो गोळा कुदळीने फोडावा लागला. पुन्हा ठेवला. आता खांब आडवा मावला, आणि त्याच्या दोन्ही टोकांना धरून आई, काकू आणि गोटी.

नाव निघाली तेव्हा पावणेसहा व्हायला आठ मिनिटं होती. मध्यावर आल्यावर प्रवाहाने तिला खाली खेचलं. मासेवाल्याने वल्हं रोवून रोवून नाव सावरली. बारकीच्या शेजारी साहेब कधी येऊन उभे राहिले ते तिला कळलंही नाही. त्यांनी खिडकीची दांडी धरली होती आणि त्यांची बोटं पांढरी पडली होती.

पाच पन्नासला नाव लागली. गोटी चिखलातून धडपडत वर आली, मागून काकू, मागून आई आणि मासेवाला खांब खांद्यावर घेऊन. कंडक्टरकाका बसमधून उडी मारून धावले. पिंपाएवढा माणूस धावतो तेव्हा जमिनीलाही कळतं. सगळ्यांनी मिळून बसच्या दाराशी खांब उभा केला. वर पाटी होती, निळ्यावर पांढरा एकतीस, एका कोपऱ्यात कुणाचा तरी मोजा अजून लटकत होता.

खाली मुरूम होता. खड्डा खणायला वेळच नव्हता. म्हणून पाच जणांनी खांबाला घट्ट धरलं.

"हा उभा नाही," साहेब पायरीवरून म्हणाले. "हा धरलेला आहे."

"अहो साहेब," शिंपीणकाकू धापा टाकत म्हणाल्या, "हा गुडघा गेल्यापासून मी सहा वर्षं कुणाला ना कुणाला धरूनच उभी राहते. मी काय आडवी आहे?"

गोटी फिस्सकन हसली आणि खांब हलला. "नीट धर!" सगळे ओरडले.

साहेबांनी चष्मा काढला. शर्टाच्या टोकाने पुसला. शर्ट ओला होता, काच आणखीच धुरकट झाली. "लिहिल्यावर वरचे मला विचारणार," ते म्हणाले.

"विचारू देत," आई म्हणाली. चिखलाने तिचं तोंड ओळखू येत नव्हतं. "पान सांगा. एकशे बारा. आणि म्हणावं, मार्ग बंदच करायचा असेल तर वहीतून नका करू. इथे या आणि या सगळ्यांच्या हातातून खांब काढून घ्या."

सहाला चार मिनिटं होती. पलीकडच्या काठावर आख्खं गाव उभं होतं.

"प्रवासी कुठाय?" साहेबांनी विचारलं.

बारकीचे पाय सात तास बसून बसून मुंग्यांनी भरले होते. ती दाराशी आली. दोन पायऱ्या नीट उतरावं असं तिच्या मनात होतं, ऐटीत. पण तिने धाडकन उडीच मारली. पायांतल्या मुंग्यांनी दगा दिला, आणि ती खांबाच्या बुंध्याशी चिखलात फतकल मारून बसली.

"उतरली!" कंडक्टरकाका ओरडले.

"शेवटच्या थांब्यावर उतरली," आई म्हणाली.

साहेबांनी वही उघडली. ओल्या कागदावर पेन दोनदा अडकलं. तिसऱ्यांदा चाललं. त्यांनी वेळ लिहिली, नंबर लिहिला, 'पोचली' लिहिलं आणि खाली सही केली, चांगली लांबलचक, पानाच्या टोकापर्यंत. मग वही फिरवून आईला दाखवली. आईने चिखलाचं बोट न लावता वाचली. तिचे कान आता चिखलातूनही लाल दिसत होते.

"मघाशी तुला घाबरट म्हटलं ना मी," बारकी खालूनच पुटपुटली.

"म्हटलंस."

"आता नाही म्हणणार."

"आधी ऊठ. आणि बूट झटकल्याशिवाय गाडीत पाऊल टाकायचं नाही."

पलीकडून कुणीतरी तोंडाभोवती हात धरून हाक मारली. "काय झालं ओ? सांगा तरी!"

बारकी उठली, खांबाच्या खालच्या कडीवर पाय देऊन वर चढली आणि पाटीला एका हाताने लटकून ओरडली, "चालू आहे! एकतीस नंबर चालू आहे! उद्या सकाळी सहाला, इथून! नावेने या, पण सगळे या!"

पलीकडच्या काठावर गदारोळ उठला. इकडे खांब धरून धरून गोटीचे हात भरून आले होते. तिच्या डोक्यात प्रकाश पडायला थोडा वेळ लागला.

"थांब, थांब," ती म्हणाली. "म्हणजे माझी उद्याची तोंडी परीक्षा पण चालू आहे?"

"हो!"

"मग मी कशाला एवढा वेळ हा खांब धरून उभी आहे?"

"सोडू नकोस!" सगळे एकदम ओरडले, आणि गोटीने तोंड वाकडं केलं, पण खांब आणखी घट्ट धरला.